त्रिकोणाच्या कोनांची शाब्दिक उदाहरणं: समीकरण मांडायचं कसं आणि चुकतं कुठे

आठवी ते दहावीच्या मुलांच्या वह्या तपासताना एक गोष्ट सारखी दिसते. समीकरण सोडवणं बहुतेकांना येतं. ५क्ष + १० = १८० हातात दिलं की दोन ओळींत क्ष = ३४ काढून देतात. पण हेच समीकरण तीन ओळींच्या मजकुरातून स्वतः काढायचं म्हटलं की पेन थांबतं, नाहीतर भलत्याच दिशेला सुटतं. म्हणून या लेखात सोडवण्यावर वेळ घालवणार नाही. सगळा भर मांडणीवर आहे.

वहीत तुम्ही इंग्रजी एक्स आणि वाय लिहीत असाल. इथे मी क्ष आणि य वापरतो, आणि शिरोबिंदूंना अ, ब, क म्हणतो. बाकी काही बदलत नाही.

## पूर्वतयारी: डोक्यात काय तयार हवं

त्रिकोणाच्या उदाहरणात बरोबरचं चिन्ह फार थोड्या ठिकाणांहून येतं. ही ठिकाणं पाठ हवीत:

१. तिन्ही आंतरकोनांच्या मापांची बेरीज १८०.
२. काटकोन त्रिकोणात उरलेल्या दोन लघुकोनांची बेरीज ९०.
३. समान बाजूंसमोरचे कोन समान.
४. बाह्यकोन (एक बाजू पुढे वाढवल्यावर बाहेर होणारा कोन) = त्याच्या दोन दूरस्थ, म्हणजे लगत नसलेल्या, आंतरकोनांची बेरीज.
५. बाह्यकोन आणि त्याच्या लगतचा आंतरकोन ही रेषीय जोडी, बेरीज १८०.

यांच्या जोडीला 'पट' असलेले शब्द. निमपट म्हणजे क्ष/२, पाऊणपट ३क्ष/४, सव्वापट ५क्ष/४, दीडपट ३क्ष/२, अडीचपट ५क्ष/२. हल्लीच्या मुलांच्या कानावर हे शब्द कमी पडतात. 'दीडपट' वाचून क्ष + १.५ लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. 'पट' आलं की गुणाकार, 'ने जास्त' किंवा 'ने कमी' आलं की बेरीज-वजाबाकी. दोन्ही मिसळून 'दुपटीने मोठा' असं कुणी लिहिलं, तर शालेय उदाहरणात त्याचा अर्थ दुप्पटच घ्यायचा.

सावधान: मराठी पुस्तकात कोटिकोनांची बेरीज ९० आणि पूरककोनांची १८०. हिंदीत मात्र 'पूरक' म्हणजे ९० वाले आणि १८० वाल्यांना 'संपूरक' म्हणतात. हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करणारी मुलं इथे हमखास घसरतात. शब्द कोणत्या भाषेतला आहे ते आधी ठरवा, मग आकडा लिहा.

## पायरी १: आकृती काढा, हाताएवढी

समासात नखाएवढा त्रिकोण काढून उपयोग नाही. प्रत्येक कोनात '२क्ष − १०' एवढं लिहायला जागा राहील इतका मोठा काढा. शिरोबिंदूंची नावं बाहेर, मापं आत. आकृती प्रमाणात नसली तरी चालेल, पण उदाहरणात काटकोन सांगितलेला नसेल तर काटकोनासारखी काढू नका. तसंच दोन बाजू समान दिलेल्या नसतील तर त्या समान दिसू देऊ नका. डोळा फसतो आणि नसलेली अट गृहीत धरली जाते.

या पायरीला अजून काहीही 'मानायचं' नाही. मजकुरात थेट आकडा दिला असेल (समजा, ∠क = ७०°) तर तेवढा आत लिहून घ्या.

## पायरी २: 'च्या' आणि 'पेक्षा' कुणाला लागलं आहे ते पाहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

उदाहरण घ्या: *△अबक मध्ये ∠ब चे माप ∠अ च्या मापाच्या दुपटीपेक्षा १० ने कमी आहे. ∠क चे माप ∠ब पेक्षा ३० ने जास्त आहे. त्रिकोणाचा सर्वांत मोठा कोन काढा.*

बरीच मुलं पहिल्याच वाक्यातला पहिला कोन उचलतात आणि 'समजा ∠ब = क्ष' असं लिहून मोकळी होतात. का, तर तो आधी आला म्हणून. मग ∠अ लिहायला (क्ष + १०)/२ असा अपूर्णांक अंगावर येतो, नाहीतर घाईत ∠अ = २क्ष − १० असं उलटं लिहिलं जातं.

मराठी वाक्यच आपल्याला सांगत असतं की कुणाला क्ष मानायचं. ज्या कोनाला 'च्या' किंवा 'पेक्षा' लागलं आहे तो मोजपट्टी आहे. त्याच्याशी दुसऱ्याची तुलना चालली आहे. पहिल्या वाक्यात मोजपट्टी ∠अ, दुसऱ्यात ∠ब. पण ∠ब स्वतः ∠अ वर उभा आहे. म्हणजे तळाला ∠अ. तोच क्ष.

वहीत बाणांनी लिहून पाहा: क → ब → अ. बाण जिथे थांबतात आणि पुढे कुणाकडे जात नाहीत, तिथे क्ष.

तपासा: क्ष मानलेल्या कोनाबद्दल मजकुरात 'हा कोन अमक्याच्या एवढा' असं वाक्य आहे का? असेल तर तुम्ही चुकीच्या कोनाला क्ष मानलं आहे, किंवा निदान अवघड वाट धरली आहे.

आता 'समजा' चं वाक्य पूर्ण लिहा: 'समजा, ∠अ चे माप क्ष° आहे.' नुसतं 'समजा क्ष' नको. अंशाचं चिन्ह इथे एकदा आलं, की क्ष हा नुसता आकडा होतो आणि पुढे समीकरणात प्रत्येक पदावर गोल काढत बसावं लागत नाही.

## पायरी ३: राशी लिहा, वाक्याच्या क्रमानेच

'∠अ च्या दुपटीपेक्षा १० ने कमी' हे तुकडे करून वाचा:

∠अ च्या … क्ष
दुपटी … २क्ष
पेक्षा १० ने कमी … २क्ष − १०

मराठीत तुकडे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने राशी तयार होते. हा मोठा आधार आहे. गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना हा आधार मिळत नाही. तिथे 'दहा' आधी येतो आणि 'दुप्पट' नंतर, म्हणून १० − २क्ष लिहिलं जातं. अशा मुलांनी वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावं, चूक जागच्या जागी थांबते.

पुढचं वाक्य: ∠क हा ∠ब पेक्षा ३० ने जास्त. ∠ब = २क्ष − १०, म्हणून ∠क = २क्ष − १० + ३० = २क्ष + २०. इथे क्ष + ३० लिहिणारे पुष्कळ. 'पेक्षा' ∠ब ला लागलं आहे, ∠अ ला नाही.

दोन सापळे ओळखून ठेवा.

पहिला, कंसाचा. 'दुपटीपेक्षा १० ने कमी' म्हणजे २क्ष − १०. पण '∠अ पेक्षा १० ने कमी असलेल्या मापाची दुप्पट' म्हणजे २(क्ष − १०). आधी काय घडलं ते कंसात.

दुसरा, उलट वाक्याचा. '∠ब मध्ये १० मिळवले तर ∠अ ची दुप्पट होते.' इथे 'मिळवले' दिसताच हात + १० कडे जातो आणि ∠ब = २क्ष + १० लिहिलं जातं. थांबा. वाक्य सांगतं: ∠ब + १० = २क्ष. म्हणून ∠ब = २क्ष − १०. 'मिळवले', 'वजा केले', 'तर' असे शब्द आले की आधी वाक्य जसंच्या तसं समीकरणात उतरवा आणि मग कोन मोकळा करा.

तपासा: क्ष ला मनातल्या मनात ४० धरा. मग ∠ब = ७०, ∠क = १००. आता मजकूर मोठ्याने वाचा: ७० हा ४० च्या दुपटीपेक्षा, म्हणजे ८० पेक्षा, १० ने कमी. बरोबर. १०० हा ७० पेक्षा ३० ने जास्त. बरोबर. बेरीज १८० येणार नाही आणि यायला नकोही; आपण फक्त राशी तपासतो आहोत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण पुढची पाच मिनिटं वाचतात.

## पायरी ४: अटी मोजा, मग बरोबरचं चिन्ह टाका

शाब्दिक उदाहरणातली वाक्यं बहुतेक वेळा फक्त राशी देतात. समीकरण भूमिती देते. '१८०' हा आकडा मजकुरात कुठेच छापलेला नसतो, म्हणून मुलं त्याची वाट पाहत बसतात.

साधा हिशेब ठेवा: तीन कोन शोधायचे तर तीन अटी लागतात. आपल्या उदाहरणात दोन अटी मजकुराने दिल्या, तिसरी त्रिकोणाने. मजकुरात एकच अट दिसली, तर दुसरी एखाद्या शब्दात लपलेली असते: 'समद्विभुज', 'काटकोन', 'समान बाजू'. तो शब्द शोधून अधोरेखित करा.

क्ष + (२क्ष − १०) + (२क्ष + २०) = १८०

कंस पहिल्या ओळीत ठेवाच. आत्ता फरक पडत नसला तरी वजाबाकी आली की कंसाशिवाय चिन्ह चुकतं.

सावधान: एकच अट दोनदा वापरू नका. तिसरा कोन १८० − (क्ष + य) असा लिहिला आणि मग 'तिन्हींची बेरीज १८०' असं समीकरण मांडलं, तर शेवटी १८० = १८० उरतं. तुमची आकडेमोड चुकलेली नसते. १८० ची अट आधीच खर्च झालेली असते. मजकुरातली न वापरलेली अट शोधा.

## पायरी ५: सोडवा आणि प्रश्नाकडे परत या

५क्ष + १० = १८०, ५क्ष = १७०, क्ष = ३४.

इथे उत्तराला चौकट काढू नका. प्रश्न सर्वांत मोठ्या कोनाचा होता. ∠अ = ३४°, ∠ब = २ × ३४ − १० = ५८°, ∠क = ५८ + ३० = ८८°. उत्तर ८८°. शेवटचं वाक्य मजकुरातल्याच शब्दांत लिहा: 'त्रिकोणाचा सर्वांत मोठा कोन ८८° आहे.'

एका मुलीच्या वहीत मी पाहिलं होतं: सगळी मांडणी स्वच्छ, प्रत्येक कंस जागेवर, आणि खाली दोनदा अधोरेखित करून 'उत्तर: ३४'. सगळं येत असून गुण गेले. तेव्हापासून मी मुलांना सांगतो की उदाहरण वाचतानाच प्रश्नाच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि क्ष मिळाल्यावर डोळे आधी त्या रेघेवर न्या.

## पायरी ६: पडताळा, तीन प्रकारे

नुसती १८० ची बेरीज करणं हा पुरेसा पडताळा नाही. समीकरणच तुम्ही १८० वर बांधलं होतं, मग बेरीज १८० येणारच. आकडेमोड बरोबर आहे एवढंच त्यातून कळतं.

एक, बेरीज: ३४ + ५८ + ८८ = १८०.
दोन, मजकुराची प्रत्येक अट पुन्हा: ३४ ची दुप्पट ६८, त्यापेक्षा १० ने कमी ५८. ठीक. ५८ पेक्षा ३० ने जास्त ८८. ठीक.
तीन, शक्यता: प्रत्येक कोन शून्याहून मोठा आहे का? ९० किंवा त्याहून मोठा कोन फार तर एकच आहे का?

तिसरा पडताळा मुलं सोडून देतात. समजा कुणी विचारलं: एक कोन पहिल्याच्या दुपटीपेक्षा ४० ने जास्त, तिसरा पहिल्यापेक्षा ६० ने कमी. ४क्ष − २० = १८०, क्ष = ५०. कोन आले ५०, १४० आणि उणे १०. बेरीज चोख १८०, पण असा त्रिकोण नसतो. असं झालं की आधी मजकूर पुन्हा वाचा, 'जास्त-कमी' ची अदलाबदल झाली का ते बघा. नसेल, तर उदाहरणातच चूक आहे हे निर्धास्तपणे लिहा.

## हीच रीत वेगळ्या प्रकारांत

समद्विभुज त्रिकोण. बाजू अब = बाजू अक दिलं तर कोणते कोन समान? ∠ब आणि ∠क. दोन्ही बाजूंच्या नावात आलेलं अक्षर (इथे अ) वेगळा राहतो, उरलेले दोन समान. भांबावलात तर ही खूण वापरा.

उदाहरण: समान बाजूंमधला कोन पायालगतच्या कोनाच्या निमपटीपेक्षा १५ ने जास्त आहे. मोजपट्टी पायालगतचा कोन. तो क्ष घेतला तर क्ष/२ येतो. त्याऐवजी तो २क्ष घ्या. मग निमपट क्ष, वरचा कोन क्ष + १५, आणि २क्ष + २क्ष + क्ष + १५ = १८०. क्ष = ३३; कोन ६६°, ६६°, ४८°. अपूर्णांक टळला. मात्र इथे क्ष हा एकही कोन नाही, हे 'समजा' च्या वाक्यात स्पष्ट लिहा: 'समजा, पायालगतच्या प्रत्येक कोनाचे माप २क्ष° आहे.'

आणि एक दक्षता. 'समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन दुसऱ्याच्या चौपट आहे' एवढंच दिलं, तर उत्तरं दोन. चौपट कोन समान बाजूंमधला असेल तर ६क्ष = १८०: ३०°, ३०°, १२०°. तो पायालगतचा असेल तर ९क्ष = १८०: २०°, ८०°, ८०°. कोणता कोन ते मजकुराने सांगितलं नसेल तर दोन्ही लिहा.

बाह्यकोन. इथली चूक फार फसवी आहे, म्हणून ती पूर्ण दाखवतो. △मनप ची बाजू नप पुढे ट पर्यंत वाढवली. ∠म = (२क्ष + १०)°, ∠न = (क्ष + २५)°, बाह्यकोन ∠मपट = (४क्ष + ५)°.

तीन राशी दिसल्या की सवयीने बेरीज करून १८० लिहिलं जातं: ७क्ष + ४० = १८०, क्ष = २०. कोन ५०, ४५, ८५. पूर्णांक आले, बेरीजही १८०. मूल खूश, आणि उत्तर साफ चूक. ८५ हा त्रिकोणाच्या आतला कोनच नाही.

बरोबर मांडणी अशी: (२क्ष + १०) + (क्ष + २५) = ४क्ष + ५. म्हणून क्ष = ३०. ∠म = ७०°, ∠न = ५५°, बाह्यकोन १२५°, आणि आतला ∠मपन = १८० − १२५ = ५५°. पडताळा: ७० + ५५ = १२५.

सावधान: बाह्यकोनाच्या उदाहरणात आकृती काढल्याशिवाय बेरजेला हात घालू नका. रेषा वाढवा, बाह्यकोनाला वेगळ्या रंगाने कंस काढा, मग राशी त्या जागी लिहा. बाहेर लिहिलेली राशी आतल्या बेरजेत घ्यायची नाही.

गुणोत्तर. कोनांचं प्रमाण ३ : ५ : ७ असेल तर कोन ३क्ष, ५क्ष, ७क्ष. ३ + क्ष वगैरे नाही. १५क्ष = १८०, क्ष = १२; कोन ३६°, ६०°, ८४°.

दोन चलं. दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणं येतात आणि मग मुलं सगळीकडे य आणायला लागतात. बाणांची साखळी एका कोनावर थांबत असेल तर एकच चल पुरे. य तेव्हाच घ्या जेव्हा मजकूर दोन कोनांबद्दल दोन स्वतंत्र गोष्टी सांगतो आणि कुणीच कुणाची मोजपट्टी नसतो: 'दोन कोनांची बेरीज ११६ आणि फरक २४.' क्ष + य = ११६, क्ष − य = २४. ७०° आणि ४६°, तिसरा ६४°. फरक दिला असेल तर मोठा कोणता मानला ते लिहायला विसरू नका.

## सरावासाठी चार

आधी फक्त समीकरणापर्यंत या, सोडवू नका. चारही मांडून झाल्यावर सोडवा आणि ताळा करा.

१. काटकोन त्रिकोणाचा एक लघुकोन दुसऱ्याच्या दीडपट आहे.
२. △अबक मध्ये अब = अक आणि ∠अ हा ∠ब पेक्षा २४ ने कमी आहे.
३. एक बाह्यकोन १३०° आहे. त्याच्या दूरस्थ आंतरकोनांपैकी एक दुसऱ्याच्या तिपटीपेक्षा १० ने कमी आहे.
४. सर्वांत मोठा कोन उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा २० ने जास्त आहे आणि त्या दोघांत ३० चा फरक आहे.

मांडणी आणि उत्तरं: (१) २क्ष + ३क्ष = ९०; ३६° आणि ५४°. (२) (क्ष − २४) + क्ष + क्ष = १८०; ∠अ = ४४°, ∠ब = ∠क = ६८°. (३) क्ष + (३क्ष − १०) = १३०; ३५° आणि ९५°, तिसरा आंतरकोन ५०°. (४) इथे मोजपट्टी एखादा कोन नाही, दोघांची बेरीज आहे. ती बेरीज क्ष घ्या: क्ष + (क्ष + २०) = १८०, क्ष = ८०. मोठा कोन १००°. उरलेल्या ८० चे ३० च्या फरकाने दोन भाग, २५° आणि ५५°.